बिनरंगाच्या गाड्या

लातूर जिल्हा नवीन झाला तेव्हा नांदेडच्या कचेरीतले बरेच कारकून तिकडे पाठवले गेले. त्यात माझे यजमानही होते. आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. त्या वर्षी पाऊस नव्हता, त्याच्या आदल्या वर्षीही नव्हता. टँकर एक दिवसाआड यायचा आणि टँकरच्या रांगेत माझ्या शेजारणींशी ओळखी झाल्या. त्यांच्यातल्याच एकीनं सांगितलं, नव्या कचेऱ्यांच्या मागं एक पाळणाघर निघतंय, शिकलेली बाई पाहिजे. मी मॅट्रिक होऊन नांदेडला बालवाडीचं प्रशिक्षण घेतलेलं होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन उभी राहिले.

पाळणाघर महिला मंडळाचं होतं. मंडळाच्या अध्यक्षबाई एका मोठ्या साहेबांच्या पत्नी. त्यांनी माझी प्रमाणपत्रं बघितली, मग विचारलं, "गाव कुठलं?"

"लोह्याजवळचं."

"आडनाव वेगळंच वाटतंय. म्हणजे कोणत्या लोकांत?"

"आम्ही बौद्ध आहोत," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, प्रमाणपत्रं परत दिली आणि म्हणाल्या, "असू दे. आम्ही काही मानत नाही." काही न मानणाऱ्या माणसानं विचारावं कशाला, असं माझ्या मनात आलं. पण नोकरी मिळाली होती. मी प्रमाणपत्रं पिशवीत ठेवली.

माझ्याबरोबर कामाला एक आया होत्या. चाकूरकडच्या. घरची जमीन होती, पण विहीर आटली, बैल विकले आणि नवरा-बायको लातूरला कामाला आले. सगळे त्यांना मावशी म्हणायचे, मीही म्हणायचे. कामाला वाघ होत्या. बावीस लेकरं, त्यातली निम्मी रांगणारी, पण एकाचंही नाक कधी वाहत राहिलं नाही. मला मात्र त्यांच्याबद्दल पहिल्या दिवसापासून एक अढी बसली. पाळणाघरात पाण्याचा माठ होता आणि तो मी भरायचे. मावशी घरून स्वतःचा तांब्या भरून आणायच्या. का आणता, असं मी कधी विचारलं नाही. कारण मला ठाऊक आहे, असं मी धरून चालले होते.

लेकरं सगळ्या थरांतली होती. कारकुनांची, शिक्षकांची, सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सची, दोन शिपायांची. चौकात भाजी विकणाऱ्या बाईची एक मुलगीही होती. कुणाचा वाढदिवस आला की पंचाईत व्हायची. अध्यक्षबाईंचा नातूही तिथंच यायचा; त्याच्या वाढदिवसाला चावीची मोटार आली, केक आला. शिपायाच्या पोरानं त्या मोटारीला हात लावला तर त्यांच्या घरची कामवाली म्हणाली, "लांबून बघ." भाजीवालीला मी तिच्या मुलीचा वाढदिवस विचारला तर ती हसली. "पेरणीच्या वक्ताला झाली, बाई. शाळेत एक जून लावतील." मग मी ठरवलं, वाढदिवसाला आणि दिवाळीला पाळणाघरानंच सगळ्यांना सारखी भेट द्यायची. घरून काही आणायचं नाही. अध्यक्षबाईंना कल्पना पटली. फक्त म्हणाल्या, "मंडळाकडे फार काही नाही. स्वस्तात बघा. आणि बघून घ्या, हल्ली सगळीकडे लबाडी चालते."

स्वस्तात घ्यायचं तर नांदेडला. माझा भाऊ तिथं होता, त्याला बाजारातली ठोक दुकानं माहीत होती. मी दिवाळीच्या महिनाभर आधी गेले. दुकानदार गोड बोलायचा, म्हणून मला त्याचाही संशय. वरच्या थरात चांगला माल आणि खाली मोडका, हा प्रकार मी ऐकून होते. मी प्रत्येक खोका उघडायला लावला.

"बच्चों का माल है, बहनजी, धोका नहीं करते हम," तो म्हणाला.

"तरी उघडा," मी म्हणाले.

खुळखुळे बघितले, प्लॅस्टिकची बाहुली बघितली, तिचा पाय हातात आला. शेवटी लाकडी गाड्या काढल्या त्यानं. तळहाताएवढ्या. चार चाकं, पुढं दोरी बांधायला भोक. लालभडक आणि हिरव्यागार. मला इतक्या आवडल्या की मी बावीसच्या जागी चोवीस घेतल्या, दोन मोडल्या तर असाव्यात म्हणून. एकेका गाडीची चाकं फिरवून बघितली. एकही खराब निघाली नाही. मी स्वतःवरच खूश झाले. एसटीत खोका मांडीवर घेऊन बसले. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचेपर्यंत खोका खाली ठेवला नाही.

अध्यक्षबाईंनी गाड्या बघितल्या. "छान आहेत. पक्की पावती?"

"त्यानं साध्या कागदावर लिहून दिलंय."

"दुकान तुमच्या भावाच्या ओळखीचं ना?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. एवढंच. पण त्या 'बरं'नं मला रात्रभर डोळा लागू दिला नाही. मी दुकानदाराचा एकेक खोका उघडून बघितला होता, आणि इथं कुणी मलाच उघडून बघत होतं.

गाड्या मी पाळणाघरातल्या लोखंडी पेटीत ठेवल्या. त्याच पेटीत लेकरांच्या चादरी असायच्या, म्हणून तिची एक किल्ली माझ्याकडे आणि एक मावशींकडे होती. आठ दिवसांनी चादरी काढताना सहज गाड्यांकडे लक्ष गेलं. खोका सैल वाटला. मोजल्या. एकवीस.

पुन्हा मोजल्या. एकवीसच.

मी कुणाला बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मोजल्या, तेवढ्याच. तिसऱ्या दिवशी एकोणीस. चौकशी झाली तर पहिलं बोट कुणाकडे जाणार, हे मला सांगायला नको होतं. पावती नव्हती, दुकान भावाच्या ओळखीचं, आणि आडनाव वेगळं. मी मावशींवर नजर ठेवायला लागले. आणि एकदा नजर ठेवली की सगळंच दिसायला लागतं. दुपारी लेकरं झोपली की त्या स्वयंपाकाच्या खोलीत जाऊन दार लोटून घेत. मी आत गेले की हातातलं काहीतरी पदराखाली जायचं. संध्याकाळी निघताना काखेत गाठोडं असायचं, आधी ते कधी नसायचं. आणि एक दिवस त्यांच्या पदराच्या टोकाला लाल डाग दिसला.

"मावशी, हा डाग कशाचा?"

त्यांनी पदर मुठीत धरला. "कुंकू सांडलं आसंल."

कुंकू तसं नसतं, हे मला कळत होतं. मी सरळ विचारलं, "पेटीतल्या गाड्या कमी दिसतात. तुम्ही कुठं ठेवल्यात का?"

"मला न्हाई ठाव, बाई." आणि त्या एका लेकराचं तोंड पुसायला गेल्या. त्या लेकराचं तोंड स्वच्छ होतं.

त्या संध्याकाळी गाड्या सोळा होत्या. मी अध्यक्षबाईंच्या बंगल्यावर गेले. जाताना मनाशी म्हणत होते की पाळणाघराच्या भल्यासाठी जातेय. पण आज सांगते, मी भीतीपोटी गेले. त्यांना स्वतःहून कळायच्या आत मला सांगायचं होतं. मी बोलत असताना त्यांच्या डोळ्यांतला माझ्याबद्दलचा तो जुना भाव हळूहळू निघून गेला. तो मावशींकडे वळलेला मला दिसला. आणि मला हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याची लाज मला पुढं फार दिवस वाटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, लेकरांच्या आया त्यांना न्यायला यायच्या वेळी, अध्यक्षबाई आल्या. दहा-बारा बाया दारात उभ्या होत्या. अध्यक्षबाईंनी मावशींना हाक मारली.

"गाठोडं सोडा."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. त्यांनी गाठोडं सोडलं. भाकरीचं फडकं, रिकामा तांब्या आणि दोन लाकडी गाड्या. दारातल्या बाया एकदम कुजबुजल्या. कुणीतरी म्हणालं, "आणि आपली लेकरं हिच्याच ताब्यात."

"रंग जातूय त्यांचा," मावशी म्हणाल्या. "म्या धुवाया नेत होते."

"धुवायला?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "इथं मोरी नाही? घरी कशाला नेता?"

"इथलं पानी लेकरांचं हाय. टँकर परवा येनार."

"आणि बाईंनी विचारलं तेव्हा माहीत नाही म्हणालात?"

मावशी म्हणाल्या, "म्या चोर न्हाई." कमरेची किल्ली काढली, पेटीवर ठेवली, फडकं आणि तांब्या उचलला आणि निघाल्या. नर्सबाईंचा मुलगा त्यांच्या मागं रांगत दारापर्यंत गेला. त्याच्या आईनं त्याला उचलून घेतलं.

मला वाटलं होतं, आता सुटका झाली. पण रात्री जेवताना ते 'इथलं पानी लेकरांचं हाय' डोक्यातून जाईना. खोटं बोलणाऱ्याला इतकं चटकन इतकं बारीक सुचतं का? सुचतही असेल. तिनं आधीच ठरवून ठेवलं असेल, असंही मी स्वतःला सांगितलं. सकाळी पाळणाघरात गेल्यावर एक लाल गाडी काढली, ओल्या बोटानं घासली. बोटाला काही लागलं नाही. बघ, मी मनात म्हटलं, खोटंच. मग बोट तोंडात घालणारी आमची रांगती फौज समोर दिसली. ती एखादी वस्तू नुसती घासून थोडीच सोडते? तासन्‌तास चोखते. मी वाटीत पिण्याचं पाणी घेतलं, गाडी त्यात बुडवून ठेवली आणि कामाला लागले.

एकटीनं बावीस लेकरं सांभाळता सांभाळता दुपार झाली. वाटी बघितली तर पाणी लालजर्द. गाडी उचलली तशी रंगाची पापडी माझ्या बोटांवर आली. जिभेचं टोक लावलं. कडू, आणि मागून काहीतरी जळजळलं. एक चाक ओढलं तर त्याची चूक, म्हणजे बारीक खिळा, अलगद बाहेर आली. नखाएवढी, टोकदार. नांदेडला मी चाकं फिरवून बघितली होती. ओढून बघितली नव्हती.

तरीही माझा संशय पुरता मेला नाही, हे खरं. रंग जातो हे मावशींना कळलं असेल, पण म्हणून गाड्या घरी नेऊन विकल्या नसतील कशावरून? हे बघायलाच मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. औसा रस्त्याच्या पलीकडे पत्र्याची एक खोली. मावशी दारातच बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

"आता काय राहिलं?" त्या म्हणाल्या.

मी आत डोकावले. भिंतीच्या फळीवर आठ गाड्या ओळीनं वाळत होत्या. एकीवरही रंग नव्हता. नुसतं पांढरट लाकूड, तेल लावून पुसलेलं. आधी घरी नेलेल्या आठच्या आठ. गाठोड्यातल्या दोन अध्यक्षबाईंकडे होत्या. चाकांच्या चुका काढून तिथं जाडा दोरा ओवून गाठी मारल्या होत्या. मी एक चाक ओढलं. निघालं नाही.

"घरात दोन घागरी येत्यात," मावशी म्हणाल्या. "रोज तांब्याभर ह्याला काढत होते. दोन-तीनच भिजत्यात येका टायमाला. चुका तिकडंच काढायचे, दुपारी लेकरं झोपल्यावर. दिवाळीच्या आत समद्या ठेवनार होते परत."

"मावशी, पण मला का नाही सांगितलं?"

"तुमी लई हौसेनं आनल्या होत्या. खोका मांडीवर घिऊन आल्या म्हनं नांदेडहून. कसं सांगावं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आन तुमी रोज मोजत होत्या. म्या बघत होते. मोजनाऱ्या मानसाला काय सांगावं?"

मी दाराशीच बसले. मग त्यांनी आपण होऊन सांगितलं. गावाकडं नातवाला जत्रेतला खुळखुळा घेतला होता. पोरगं दोन दिवस चोखत बसलं, तिसऱ्या दिवशी उलट्या. दवाखान्यात डॉक्टरनं त्याचं तोंड उघडून बघितलं तर जीभ हिरवी. "वाचलं लेकरू. पन लई दिस काढले तिथं. सून अजून बोलती मला, खुळखुळा तुमीच आनला म्हनून. तवापास्नं रंगाचं खेळनं दिसलं की म्या आधी चाटून बघते."

मला पाणी विचारलं त्यांनी. अर्धा पेला दिला, त्या वर्षी अर्धा पेला म्हणजे पाहुणचार होता. पेला वेगळ्या कोनाड्यातून काढतात का, हेही मी चोरून बघितलं. घरात पेला एकच होता. मी पिऊन ठेवला, त्यांनी तो उचलला आणि उरलेला घोट स्वतः प्यायल्या. मग पाळणाघरात तांब्या घरून का आणायच्या, ते मी तेव्हा विचारलं. "तुमचा माठ लेकरांना पुरना," त्या म्हणाल्या, "त्यात मी कुठं वाटा घिऊ?"

दुसऱ्या दिवशी मी लाल पाण्याची वाटी, ती चूक आणि मावशींनी धुतलेली एक गाडी घेऊन अध्यक्षबाईंकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माल खराब होता. आणि तो तुम्ही आणला. आता तुमचं दोघींचं जमलेलं दिसतंय."

मी म्हणाले, "बाई, माल मी आणला, चूक माझी. पण रंगाची गाडी एकाही लेकराच्या हातात जाणार नाही. आणि मावशी नसतील तर बावीस लेकरं मी एकटी सांभाळणार नाही. उद्यापासून कुलूप लावा." असं बोलायचं मी ठरवून गेले नव्हते. घरी येऊन यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "नोकरी गेली समज."

नोकरी गेली नाही ती नर्सबाईंमुळे. संध्याकाळी मुलाला न्यायला आल्यावर त्यांनी वाटी हातात घेतली, वास घेतला, चूक उजेडात धरली आणि जमलेल्या बायांना म्हणाल्या, "वॉर्डात वर्षाला दोन-तीन अशी लेकरं येतात. एकाच्या नाकातून मणी काढलाय मी स्वतः. मावशींचं बरोबर होतं." आम्ही सांगितलं असतं तर सफाई ठरली असती. नर्सबाईंनी सांगितलं म्हणून ते खरं झालं. अध्यक्षबाईंच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बोलवा मग त्यांना."

मावशी दोन दिवसांनी आल्या. मी किल्ली पुढं केली तर हात मागं घेतला. "ती नगं मला. चादरी लागल्या तर तुमाला मागीन." मी फार आग्रह केला. नाही म्हणजे नाही. शेवटपर्यंत त्यांनी ती घेतली नाही.

राहिलेल्या गाड्या आम्ही दोघींनी मिळून धुतल्या, लेकरांचे हात-पाय धुऊन उरलेल्या पाण्यात. रंग गेला की वाळवायच्या, करडईचं तेल चोळायचं, चुकांच्या जागी दोरा. तळाला मी काळ्या दोऱ्यानं प्रत्येकीला वेगळी गाठ दिली, म्हणजे लेकरांची भांडणं नकोत. दिवाळीच्या आदल्या दिवशी वाटल्या. लेकरांना रंगाचं काही देणंघेणं नव्हतं. ती गाड्या ओढत फरशीभर सुटली. त्यांच्या आया मात्र वेगळ्या. एका कारकुनाची बायको गाडी उलटीपालटी करत म्हणाली, "रंगीत होत्या ना आधी? त्या कुणाच्या घरी गेल्या?" मी वाटीतल्या पाण्याची आठवण करून देऊ लागले तर म्हणाली, "ते ठीक आहे हो. तरी विचारलं." भाजीवालीनं गाडी पदरात घेतली आणि हळूच विचारलं, "फुकट हाय ना बाई? मागनं काई मागनार न्हाई ना?" अध्यक्षबाई शेवटी आल्या. आपल्या नातवासाठी गाडी घेताना त्यांनी तिचं चाक दोनदा ओढून बघितलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तसंच करायला पाहिजे होतं, मीही.

पुढच्या उन्हाळ्यात वाढदिवसांच्या भेटी आणायला मी मावशींना नांदेडला बरोबर नेलं. तेच दुकान. दुकानदारानं ओळखलं, पुन्हा खोके काढले. मावशींनी एक हिरवा पोपट उचलला आणि सरळ जिभेला लावला.

"अरे अरे, अम्मा, ये खाने की चीज नहीं है!" दुकानदार ओरडला.

"लेकरं खात्यात," मावशी म्हणाल्या आणि पोपट परत ठेवला. त्यानंतर त्यांनी खुळखुळे चाटले, चेंडूचा वास घेतला, भोवऱ्याची टोकदार आर अंगठ्यानं दाबून बघितली. गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. मला आधी लाज वाटली, मग मीही एक चेंडू उचलून नाकाशी धरला. तासाभरानं आम्ही लहान पाट्या घेतल्या, लाकडी चौकटीच्या, बिनरंगी, आणि जाड रबराचे साधे चेंडू. दुकानदार वैतागून म्हणाला, "पहली बार ऐसे गिऱ्हाइक देखे."

निघताना मावशी पुन्हा आत गेल्या आणि स्वतःच्या कनवटीचे पैसे देऊन काहीतरी घेतलं. कागदात गुंडाळून, दोऱ्यानं बांधून पिशवीच्या तळाशी ठेवलं. मी काय घेतलं ते विचारलं नाही. एसटीत त्या खिडकीशी बसल्या. चाकूरला त्यांना नातवाला भेटायला उतरायचं होतं. स्टँडवर त्यांचा मुलगा सायकल घेऊन उभा होता, पुढच्या दांडीवर ते पोरगं. मावशींनी खाली उतरून त्याला उचललं, त्याचं तोंड पुसलं, आणि एसटी हलेपर्यंत त्याच्यासाठी घेतलेल्या खेळण्याच्या कागदाची गाठ त्यांना सापडत नव्हती.